आता काढायला हरकत नाही

बायकोने माउस पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात नेला, तिथल्या बारीक बाणावर टिचकी मारली, उघडलेल्या यादीतून आपली हार्ड डिस्क निवडली आणि हात मांडीवर ठेवून ती थांबली. दोन-तीन सेकंदांनी ओळ आली : आता हे उपकरण काढायला हरकत नाही. तिने ती वाचली. नुसती पाहिली नाही, वाचली. ओठ किंचित हलले. मग वायरीचं टोक दोन बोटांत धरून, इकडेतिकडे न हलवता, सरळ बाहेर काढलं. मी दारात चहाचे दोन कप घेऊन उभा होतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यातली बारा-तेरा वर्षं तरी मी तिला हे सांगत आलोय. गोड बोलून सांगितलं, रागावून सांगितलं, एकदा कागदावर चित्र काढून तिच्या टेबलासमोर चिकटवलं. त्या कागदाच्या पाठीवर तिने किराणामालाची यादी केली. काम झालं की गाजर उपटावं तशी ती डिस्क उपटायची आणि पर्समध्ये टाकायची. "काही होत नाही रे," म्हणायची. आणि आज कुणी न सांगता, मी मागे उभा आहे हे माहीत नसताना, तिने ते केलं. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. मी कप टेबलावर ठेवला तेव्हा चहा बशीत सांडला, आणि डोक्यात एकच प्रश्न होता : हिला हे कुणी शिकवलं?

"काय बघतोयस?" ती म्हणाली.

"काही नाही. चहा."

"घेते." तिने डिस्क एका निळ्या पाऊचमध्ये घातली आणि चेन लावली. ते पाऊचही मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

मी जळका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. तिला ते माहीत नाही, कारण मी ते दाखवत नाही. मिठाची गुळणी धरून बसतो आणि आतल्या आत हिशोब मांडतो. एका दाताच्या डॉक्टरवर मी वर्षभर जळलो होतो, कारण त्याच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवूनही ती हसत होती. खालच्या मजल्यावरचा शेजारी तिला गाडी मागे घ्यायला मदत करतो, "अजून, अजून, बस" म्हणतो, त्याचं ते "बस" मला दिवसभर ऐकू येतं. पण ही सगळी वरवरची जळजळ होती. पाणी प्यायलं की जायची. ही तशी नव्हती. तिला कुणाकडे बघून हसू येणं वेगळं आणि कुणाचं ऐकून सवय बदलणं वेगळं. माणूस चाळिशी ओलांडल्यावर सवय बदलत नाही. मी तेरा वर्षं घसा कोरडा केला तेव्हा नाही बदलली. ज्याच्यासाठी बदलली त्याने असं काय केलं असेल, हे मी त्या सकाळी आंघोळ करताना, डबा भरताना, ऑफिसच्या जिन्यावर, सगळीकडे स्वतःला विचारत राहिलो.

ऑफिसात मी नकाशे सांभाळतो. शहराच्या पोटातून पाण्याचे जेवढे नळ जातात, जिथे वळतात, जिथे त्यांच्यावर झडपा बसवल्या आहेत, ते सगळं माझ्या ताब्यातल्या दोन कॉम्प्युटरांवर आहे. फील्डवरचे इंजिनियर चिखलाचे बूट घेऊन येतात, आपापले पेनड्राइव्ह लावतात, मोजमापं टाकतात आणि निघायची घाई करतात. मी निघू देत नाही. दोन्ही कॉम्प्युटरांच्या कडेला मी पट्टी चिकटवलेली आहे : आधी फाइल बंद करा, मग उपकरण सोडवा, ओळ येईपर्यंत थांबा, मग काढा. त्यावरून मला सगळे 'सिग्नल' म्हणतात. तोंडावर म्हणतात, मी काही वाईट वाटून घेत नाही. एकदा एका इंजिनियरने घाईत ड्राइव्ह ओढला आणि एका अख्ख्या वस्तीच्या झडपा नकाशावरून गेल्या. तीन दिवस रस्ते खणून त्या शोधाव्या लागल्या. तेव्हा मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं. आपण फाइल टाकतो, कॉम्प्युटर म्हणतो झालं. ते खोटं असतं. शेवटचं थोडंसं त्याने अजून हातातच ठेवलेलं असतं, सवडीने देऊ म्हणून. आपण 'सोडव' म्हटलं की तो हातातलं सगळं देऊन टाकतो आणि मग सांगतो, आता काढ. न विचारता ओढलं, तर जे त्याच्या हातात राहिलं ते कुणाचंच राहत नाही. बायकोने डिस्क नीट सोडवली त्या दिवशी दुपारी मी स्वतःच चिकटवलेली ती पट्टी वाचत बसलो होतो, आणि मला वाटलं की आपल्या घरातही कुणीतरी 'झालं' म्हणतंय आणि थोडंसं हातात ठेवतंय.

नंतरच्या दोन आठवड्यांत मी बघत राहिलो. माणूस बघायला लागला की दिसतं, नाही असं नाही. ती आता "बघू या" म्हणायला लागली होती. आधी ती "बघू" म्हणायची, तेही टाळण्यासाठी. हे "बघू या" वेगळं होतं, सावकाश, धीर दिल्यासारखं. नळ गळायला लागला तर म्हणाली, "बघू या." माझ्या जुन्या घड्याळाचा काटा अडकला तर हातात घेऊन म्हणाली, "मार खाल्लेलं दिसतंय. बघू या." घड्याळाने मार खाल्ला, असं आमच्या घरात कुणी बोलत नाही. हा कुणाचा तरी शब्द होता, तिच्या जिभेवर बसून घरात आलेला. तिच्या बोलण्यावर माझं फार बारीक लक्ष असतं, कारण मला बोलायला तिने शिकवलं.

म्हणजे अक्षरशः. ती वाचेवर उपचार करते, आणि मी तिचा पेशंट होतो. लहानपणापासून मी अडखळत बोलायचो. सगळ्यात जास्त स्वतःच्या नावापाशी. बाकीच्या शब्दांना वळसा घालता येतो. पाणी अडलं तर जल म्हणता येत नाही, पण 'तहान लागली' म्हणता येतं. नावाला वळसा नसतो. कुणी नाव विचारलं की घशात दार बंद व्हायचं आणि आवाजही निघायचा नाही, नुसता श्वास. वडील शेजारी असले की ते माझं नाव सांगून टाकायचे. माझं वाक्यही ते पुरं करायचे, मायेनेच, आणि बहुतेक वेळा चुकीचं. पुढे मास्तरांनी पुरं केलं, मित्रांनी, दुकानदारांनी. सव्वीस वर्षांचा होईपर्यंत मी माझी निम्मी वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली. मग हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, जिच्या भिंतींना राखाडी स्पंज लावला होता, एक मुलगी टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबून म्हणाली, "नाव सांगा." मी अडलो. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. मिनिट गेलं. ती पेनाशी चाळा करत नव्हती, खिडकीबाहेर बघत नव्हती, मदतीला येत नव्हती. मग तिने म्हटलं, "घाई नाही. मी इथेच आहे." मला तोपर्यंत असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढच्या दीड वर्षात ती मला खूप काही बोलली, नंतर बायको म्हणूनही बोलली असेल, पण प्रेम म्हणून मला जे माहीत आहे ते त्या दोन वाक्यांतलं आहे. मी ती वाक्यं माझी समजतो. लहान मुलांना ती तेच म्हणत असेल, म्हणू दे. मुलांचं मला काही वाटत नाही.

प्रत्येक पेशंटचं पहिल्या दिवशीचं आणि शेवटच्या दिवशीचं बोलणं ती रेकॉर्ड करून ठेवते. तिची सगळी पुंजी तेवढीच : कॅसेटी होत्या, त्यांच्या सीडी झाल्या, आता ही हार्ड डिस्क. लग्न ठरलं तेव्हा मी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. माझी पहिल्या दिवशीची टेप पुसून टाक. तो माणूस मला घरात नको होता. ती "बरं" म्हणाली. आठवड्याने मी विचारलं, "पुसलीस?" "पुसली," ती म्हणाली. विषय संपला.

त्या शनिवारी मला सुटी होती आणि तिची पेशंट मुलं क्लिनिकमध्ये चार वाजता यायची होती. ती सकाळपासून लॅपटॉपसमोर होती. दार लोटलेलं. मी दोनदा काहीतरी निमित्त काढून आत गेलो, दोन्ही वेळा तिने हेडफोन काढून "काय?" विचारलं, आणि माझ्याकडे विचारण्यासारखं काही नव्हतं. साडेअकराला खालच्या शेजाऱ्याने हाक मारली. तिच्या गाडीमागे त्याची गाडी अडली होती. ती किल्ली घेऊन उठली.

"डिस्कला हात लावू नकोस हं," जाता जाता म्हणाली. "फाइली चालल्यात तिकडे. वेळ लागेल."

मला सांगत होती. डिस्कला हात लावू नकोस, असं मला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी तिच्या खुर्चीत बसलो. खुर्ची गरम होती. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती, फाइली लॅपटॉपवरून डिस्कवर जात होत्या, एकेक करून, इकडून नाहीशी आणि तिकडे हजर. बाजूच्या चौकटीत डिस्कवरचे फोल्डर दिसत होते. मुलांच्या फोल्डरांना तिने टोपणनावं दिलेली असतात, चिमणी, मोटार, दोन वेण्या, अशी. सगळ्यांत खाली एक फोल्डर होतं : 'परत मिळालेलं'. एवढंच. मी ते दोन-तीनदा वाचलं. माणसाला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी काय परत मिळतं? आत एकच फाइल होती. तिला नाव नव्हतं, नुसता आकडा. तारीख गेल्या महिन्याची. वेळ दुपारची, सव्वातीन. दुपारी सव्वातीनला ती क्लिनिकमध्ये नसते, घरीही नसते. ती वेळ तिची मोकळी असते आणि मी ती वेळ कुठे घालवतेस असं कधी विचारलेलं नाही. मी फाइल उघडली.

आधी खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एका पुरुषाचा श्वास. मुलाचा नव्हे, मोठ्या माणसाचा, अगदी जवळून घेतलेला, आत ओढलेला आणि धरून ठेवलेला. परत सुटला, परत ओढला गेला. शब्द नाही. मी हेडफोन कानांवर दाबून धरले. जीभ टाळ्यापासून सुटल्याचा लहानसा ओला आवाज. पुन्हा श्वास. हा माणूस तिच्यासमोर बसलाय आणि बोलत नाहीये, आणि तीही बोलत नाहीये, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाहीये. खालून शेजाऱ्याचं "अजून, अजून" ऐकू येत होतं. मिनिट गेलं असेल. आणि मग तिचा आवाज आला, गेल्या कित्येक वर्षांत मी न ऐकलेला, मऊ, कोवळा : "घाई नाही. मी इथेच आहे."

ती वाक्यं माझी होती. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले तरी श्वास ऐकू येत राहिला. मी तशातही माउस कोपऱ्यात नेला, बाणावर टिचकी मारली, डिस्क निवडली. हाताला दुसरं काही येतच नाही. ओळ आली : उपकरण वापरात आहे. ते वापरणारे प्रोग्रॅम बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. वापरात आहे. तिसऱ्यांदाही तेच. वापरात आहे, वापरात आहे; मला ते दिसतच होतं, पडद्याने सांगायची गरज नव्हती. हिरवी पट्टी अर्ध्यावर होती. त्या माणसाने पुन्हा श्वास आत ओढला, या वेळी जरा वेगळा, काहीतरी बाहेर येऊ घातल्यासारखा, आणि तो तिला काय म्हणणार आहे ते मला ऐकायचं नव्हतं. मी वायर मुठीत धरली आणि ओढली.

शांतता झाली. डिस्कवरचा बारीक निळा दिवा गेला. हातातली डिस्क कोमट होती. आयुष्यात पहिल्यांदा मी असं केलं होतं आणि ते किती सोपं आहे याचं मला नवल वाटलं. मग भान आलं. मी घाईने वायर पुन्हा खुपसली. दिवा लागला. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग कॉम्प्युटरने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी कोरी करायची का? म्हणजे त्याला तिच्यात काहीच ओळखू येत नव्हतं. लॅपटॉपवर पाहिलं, तर हलवायच्या फाइलींपैकी निम्म्या तिथूनही गेलेल्या. जिन्यावर तिची पावलं वाजली.

ती दारात आली, पडद्याकडे बघितलं आणि भिंतीला हात टेकवला. मी विचार करून ठेवला होता की ती "तू ओढलीस?" विचारेल आणि मी म्हणेन, हो, ओढली, आता तू सांग तो कोण. पण तिने ते विचारलंच नाही. तसं तिच्या मनातही आलं नाही. ज्याला अख्खं ऑफिस सिग्नल म्हणतं तो कशाला ओढेल.

"माझ्याच हातून काहीतरी झालं असणार," ती म्हणाली. "उठताना धक्का लागला असेल. तू आता काही बोलू नकोस हं. प्लीज. एक शब्द बोलू नकोस."

मी तिच्या खुर्चीतून उठलो.

ती खाली जमिनीवरच बसली, पाय जवळ घेऊन. "दोन महिन्यांपूर्वी पण झालं होतं," ती म्हणाली. "बाहेर एक मूल रडत होतं, मी घाईत ओढली. सगळं गेलं. अकरा वर्षांतली मुलं, सगळी. मग एक माणूस सापडला, असल्या डिस्क दुरुस्त करणारा. तीन आठवडे जात होते त्याच्याकडे. दुपारची."

"मला नाही सांगितलंस."

"काय म्हणाला असतास तू?"

मी काय म्हणालो असतो ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेरा वर्षं तयार ठेवलेलं वाक्य होतं ते. एरवी मला बोलायला वेळ लागतो, ते मात्र फटकन आलं असतं.

"त्याने एकदाही म्हटलं नाही, असं कसं केलंत म्हणून," ती म्हणाली. "म्हणाला, होतं असं. बघू या. मग शेवटी त्याने मला दाखवलं, कशी काढायची. तू दाखवायचास तेच. मला रडूच आलं."

ती इतकं सगळं सांगत होती, आणि मला ऐकू काय आलं, तर तीन आठवडे, दुपारची, आणि बघू या. ती त्याच्यासमोर रडली होती. श्वास त्याचाच असणार, हे मी मनात पक्कं करून टाकलं. डिस्क दुरुस्त करणारा माणूस तिच्याकडे बोलायला शिकायला येत असेल, फेडाफेड म्हणून. किंवा तसंच, कशासाठीच नाही. मी म्हटलं, "दे. मी नेतो त्याच्याकडे. तुझी मुलं येतील चारला." तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत एवढं आभार मानणं होतं की मी वळून चपला शोधायला लागलो. डिस्कच्या पाठीवर गोल पांढरं लेबल होतं, दुकानाचा शिक्का आणि पत्ता. अक्षर वळणदार होतं.

दुकान एका झेरॉक्सवाल्याच्या वर होतं. लोखंडी जिना, वर काचेचं दार, आत पंखा बंद, धूळ उडू नये म्हणून. टेबलावर पांढऱ्या कापडावर एक डिस्क उघडून ठेवली होती आणि तिची चकती आरशासारखी चकाकत होती. माणूस माझ्याच वयाचा. देखणा होता. तेवढं तरी नसतं तर बरं झालं असतं. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलेलं होतं आणि बाह्या नीट दुमडल्या होत्या. मी निळं पाऊच टेबलावर ठेवलं. त्याने ते ओळखलं असावं. चेन उघडली, डिस्क हातात घेतली, कानाशी नेऊन हलकेच तिरपी केली.

"पुन्हा मार खाल्लेला दिसतोय," तो म्हणाला. "बघू या." त्याने पावतीपुस्तक ओढलं, टोपण काढलं. "नाव?"

मला बोलायची तयारी करून जायची सवय होती, पण जिन्यावरून येताना मी दुसरीच वाक्यं घोळवत आलो होतो. नाव मी विसरलो होतो. म्हणजे ते मला सांगावं लागेल हे विसरलो होतो. तोंड उघडलं आणि घशात दार बंद झालं. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. फोनवर, बँकेत, साहेबांसमोर मी नाव सांगत होतो, जरा सूर लावून, तिने शिकवलं तसं. आता काही केल्या येईना. श्वास आत गेला आणि तिथेच राहिला. मी खाली त्या चकाकणाऱ्या चकतीकडे बघत राहिलो आणि तो आता काय करेल याची वाट बघत राहिलो. लोक करतात ते मला पाठ आहे. हसून मान डोलावतात, नाहीतर एखादं नाव पुढे करतात, हे का, ते का.

त्याने पेन खाली ठेवलं. खुर्चीला टेकून बसला. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही आणि दुसरीकडेही बघितलं नाही. खाली झेरॉक्सचं यंत्र कागदामागून कागद ओकत होतं. मी पुन्हा श्वास घेतला. जीभ टाळ्यापासून सुटली आणि लहानसा ओला आवाज आला. तो आवाज मी ओळखला. दोन तासांपूर्वी ऐकलेला. आणि त्याच क्षणी समोरच्या माणसाचा चेहराही बदलला.

"अच्छा," तो हळूच म्हणाला. "तुम्ही का ते."

मग माझं नाव आलं. त्याने ते लिहून घेतलं.

"माफ करा," तो लिहिता लिहिता म्हणाला. "फाइल मिळाली की ती वाजते का ते ऐकून बघावं लागतं, म्हणून ऐकली. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाकी काही मिळो न मिळो, ही एक आधी काढा. जुनी होती, फार आत गेलेली. मिळाली तेव्हा मला वाटलं, गेलीच, हिच्यात आवाजच नाही. मी बंद करायला गेलो, तर बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, थांबा, येईल. चार मिनिटं बसलो होतो आम्ही दोघं. आणि मग आलं नाव." तो थोडा हसला. "तेव्हाच सांगितलं त्यांनी, असा माणूस बोलत असताना आपण शब्द पुरवायचा नाही."

परत मिळवलेल्या फाइलींना जुनं नाव राहत नाही, तारीखही राहत नाही. ज्या दिवशी सापडल्या तीच त्यांची तारीख होते. हे मला माहीत आहे. ऑफिसात मी लोकांना हे समजावून सांगतो. तिने पुसली म्हणून सांगितलेली टेप एकोणीस वर्षं कॅसेटीतून सीडीत, सीडीतून डिस्कमध्ये नेली, आणि ती गेली तेव्हा तीन आठवडे इथे येऊन बसली, टेबलाअलीकडच्या या रिकाम्या खुर्चीत असेल. आणखी तीन मिनिटं मी थांबलो असतो तर मला माझंच नाव ऐकू आलं असतं. मी हे सगळं उभ्या उभ्या समजून घेत होतो, आणि त्यातच, लाज वाटते सांगायला, तिने त्याचा हात कुठे धरला असेल तेही बघत होतो. मनगट असणार. घड्याळ नसलेलं.

"तुमच्याकडे कॉपी असेल ना?" मी म्हणालो. हे एका दमात आलं.

"महिनाभर ठेवतो आम्ही. मग पुसून टाकतो. लोकांच्या खासगी गोष्टी असतात." त्याने मागचं पान उलटून पाहिलं. "गुरुवारी पुसली."

मीही तेच केलं असतं. त्याला बोल लावायला जागा नव्हती.

"निघेल का?"

"सांगता येत नाही. एकदा मार खाल्लेली आहे. वेळ लागेल." पेन पावतीच्या तिसऱ्या ओळीवर आलं. "काय झालं होतं? धक्का लागला का?"

धक्का लागला म्हटलं असतं तर चाललं असतं. बायकोने ते आयतं माझ्या हातात दिलं होतं, आणि तिचा त्यावर विश्वासही होता. संध्याकाळी ती मुलांना सोडून येईल, विचारेल, आणि मी म्हणेन, बघू या म्हणालाय. ती स्वतःलाच बोल लावत राहील आणि मी काही बोलत नाही म्हणून माझे उपकार मानत राहील, जन्मभर.

"ओढली," मी म्हणालो. "मी ओढली. चालू असताना."

"होतं असं," तो म्हणाला आणि तसंच लिहिलं. त्याच्या तोंडून ते ऐकताना मला कळलं की बायकोला इथे रडू का आलं असेल. मलाही येत होतं. मी ते गिळलं, कारण या माणसासमोर दोघांनी रडणं जरा जास्तच झालं असतं.

"घरी कळलेलं चालेल ना?" त्याने विचारलं. "नाही, काही जण सांगतात, घरी फोन करू नका. बाईंनीही सांगितलं होतं."

"चालेल. तिलाच करा फोन. कारणही सांगा, विचारलं तर. म्हणजे, आज मी सांगीनच." मी खिशातून मोबाइल काढला, तिचा नंबर बघायला, आपल्या माणसाचा नंबर कुणाला पाठ असतो? "लिहून घ्या."

"आहे माझ्याकडे," तो म्हणाला. वहीत बघितलं नाही, फोन उघडला नाही. पावतीच्या शेवटच्या ओळीवर त्याने तिचा नंबर लिहिला, पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत, कुठेही न अडता.